पॉइंट टू-टूची गोळी 'पन्नास मीटरवर गळते'?

ठाण्यात नेमबाजी शिकायला येणारी पोरं हे हमखास ऐकवतात: पॉइंट टू-टूची (०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या छोट्या रायफलची) गोळी पन्नास मीटरपुढे जात नाही, ससे-घुशींपुरतीच ती. पन्नास मीटर हे स्पर्धेचं अंतर आहे हो, गोळीची हद्द नव्हे!

नळी तिरकी वर राहिली, तर ही अडीच ग्रॅमची गोळी दीड-दोन किलोमीटरवर जाऊन पडू शकते. शिवाय ती नुसतं शिसं. मेणचट, बोटं काळी करणारी. दगडावर किंवा पाण्यावर आपटली की फुटत नाही, उसळते. म्हणूनच अमेरिकेत शेतातल्या खारी टिपणारे पुष्कळ जण २००२ साली आलेली पॉइंट वन-सेव्हन एचएमआर ही आणखी बारीक, ०.१७ इंची गोळी वापरतात. जेमतेम १.१ ग्रॅमची, पण वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या वर. तिची पोकळ किंवा प्लॅस्टिक टोकाची गोळी आदळताच बहुधा फुटते. तरी मागे मातीचा बांध हवाच.

आपल्याकडे हा प्रश्नच नाही. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, राष्ट्रीय उद्यानातल्या येऊरच्या जंगलात तर विचारूच नका. आणि घुशींना पिंजरा पुरतो.