मोड उन्हाळ्यातले, खायचे ते शिजवूनच

नागपुरात मे महिन्यात मूग रात्रभर ओट्यावर भिजवले, की सकाळी पाण्यावर फेस दिसतो आणि आंबूस वास येतो. खोलीचं तापमान ३५ अंशांवर असताना १२ तास भिजवणं म्हणजे जंतूंना आयतं रान मोकळं करून देणं.

हे जंतू बहुतेकदा दाण्याबरोबरच घरात येतात. शेतात, खळ्यावर, गोदामात धान्याला शेण, उंदरांच्या लेंड्या, पक्ष्यांची विष्ठा लागते. साल्मोनेला आणि इ. कोलाय हे पोट बिघडवणारे जंतू कोरड्या दाण्याच्या सालीतल्या बारीक भेगांत महिनोन्महिने तग धरतात. तिथवर धुण्याचं पाणी पोचत नाही. मीठ, लिंबू, व्हिनेगरचाही भरवसा नाही. मोड येताना ओल, ऊब आणि दाण्यातून पाझरणारी साखर असं सगळंच त्यांना मिळतं. अनुकूल स्थितीत, ३७ अंशांच्या आसपास, ते साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. दोन-तीन दिवसांत एका ग्रॅममागे त्यांची संख्या कोटीच्या घरात जाऊ शकते, आणि तरीही मोड दिसायला टवटवीत, वासाला ताजे. २०११ साली जर्मनीत मोडांमुळे इ. कोलायची साथ पसरली, सुमारे ४,००० लोक आजारी पडले आणि ५०हून अधिक दगावले. संशयाची सुई मेथीच्या बियांवर होती.

म्हणून उन्हाळ्यात एक वाटी मूग किंवा मटकी निवडून, फुटके दाणे काढून, तीन-चार पाण्यांनी धुवा. उकळून गार केलेल्या तीन वाट्या पाण्यात घालून भांडं फ्रिजमध्येच ठेवा. दाणे सावकाश फुगतील, पण आंबणार नाहीत. सकाळी पाणी पूर्ण निथळा. ते भाजीत वापरू नका. धुतलेल्या, उकळून घेतलेल्या फडक्यात सैल बांधून चाळणीत ठेवा. घट्ट गाठोड्यात दाण्यांच्या श्वसनाची उष्णता कोंडते, आतला भाग गरम होऊन बुळबुळीत होतो. दर चार-पाच तासांनी धुवून निथळा. कूलरच्या वाऱ्याने फडकं लवकर वाळतं, म्हणून ते ओलसर आहे ना ते पाहा. पण कूलरच्या टाकीचं पाणी त्यावर शिंपडू नका.

पांढरं टोक अर्धा सेंटीमीटर झालं की थांबा. लांबलचक मोडांचा हौसेपलीकडे फायदा नाही. लगेच शिजवायचे नसतील तर फ्रिजमध्ये, ४-५ अंशांवर, दोन दिवसांपर्यंत. थंडीने जंतूंची वाढ मंदावते, मरत मात्र नाहीत.

उसळ हा आपला जुना मार्ग इथे विज्ञानालाही पटतो. वाफ आतपर्यंत पोचून मोड ७४ अंशांच्या वर तापले पाहिजेत. झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफवा. भेळेत किंवा कोशिंबिरीत घालायचे असले तरी आधी हे करा. गरोदर बायका, पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, केमोथेरपी घेणारे यांना कच्चे मोड अजिबात नकोत.

राजम्याची गोष्ट निराळी. त्यात जंतू नसले तरी कच्च्या दाण्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनाने उलट्या होतात. मोड आलेला राजमाही किमान दहा मिनिटं खळखळून उकळायला हवा. आणि कृषी केंद्रातलं गुलाबी-लाल रंगाचं बियाणं स्वयंपाकघरात आणूच नये. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते पेरणीसाठीच.