किंमतयुद्ध, संगणक चिपनिर्मात्यांमधील

एकमेकींना पर्याय ठरू शकतील अशा चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी ग्राहक मिळवण्यासाठी वा राखण्यासाठी आळीपाळीने केलेली दरकपात. नवी पिढी आली की जुनी चिप स्वस्त होते. ती नेहमीची घसरण यात धरत नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या दराला उत्तर म्हणून केलेली कपातच येथे अभिप्रेत आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः इंटेल (स्थापना १९६८) व एएमडी (स्थापना १९६९) या अमेरिकी कंपन्यांमधील चढाओढ आणि तिच्यावरून गुंतवणूकदारांत झडलेला वाद यांचा विचार केला आहे.

प्रारंभ : या प्रकाराचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मागे नेतात. त्या सुमारास फेअरचाइल्ड या अमेरिकी चिपनिर्मात्या कंपनीच्या रॉबर्ट नॉइस यांनी एकात्मिक मंडले (एकाच तुकड्यावर अनेक घटक असलेल्या चिप) उत्पादनखर्चाहूनही कमी दराने विकण्याचे धोरण स्वीकारले. खप वाढला की खर्च आपोआप खाली येईल, हा त्यामागील हिशेब होता. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने १९७० च्या दशकात गणकयंत्रांच्या धंद्यात हीच वाट धरली. त्या चढाओढीत बोमार ही कंपनी १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली.

दुसरे मत सप्टेंबर १९७५ ला महत्त्व देते. सॅन फ्रान्सिस्कोतील वेस्कॉन प्रदर्शनात एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीने ६५०२ हा सूक्ष्मप्रक्रियक (संगणकाची गणना करणारी चिप) २५ डॉलरला विकायला काढला. प्रदर्शनाच्या जागेत माल विकण्यास मनाई होती. म्हणून त्याचे रचनाकार चक पेडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉटेलात खोल्या घेतल्या आणि तेथे काचेच्या बरणीतून चिप विकल्या. पुढच्याच महिन्यात मोटोरोलाने आपल्या ६८०० या प्रतिस्पर्धी सूक्ष्मप्रक्रियकाचा दर १७५ डॉलरवरून ६९ डॉलरवर आणला.

हे दोन्ही प्रसंग महत्त्वाचे खरे, परंतु ६८०० साठी लिहिलेली आज्ञावली ६५०२ वर चालत नसे. एकीच्या जागी दुसरी बसवता येईल अशा, एकाच आज्ञासंचाच्या (त्याच आज्ञा समजणाऱ्या) चिपमधील युद्ध मार्च १९९१ मध्ये एएमडीने इंटेलच्या ३८६ ला पर्याय म्हणून एएम३८६ बाजारात आणला तेव्हापासून मोजणे अधिक सयुक्तिक दिसते. संगणक बनवणाऱ्या आयबीएमला चिपसाठी एकाच पुरवठादारावर विसंबायचे नव्हते, त्यामुळे १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी तंत्रज्ञान-विनिमयाचा करार केला होता. ३८६ चा आराखडा देण्यास मात्र इंटेलने नकार दिला आणि प्रकरण लवादाकडे गेले. लवादाने एएमडीला दिलेले हक्क कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कायम ठेवले. इंटेलचा ३८६ हा ३३ मेगाहर्ट्झपर्यंतच उपलब्ध होता, तर एएमडीने ४० मेगाहर्ट्झचा दिला.

१९९७ मध्ये एएमडीने के६ आणला व तुल्य इंटेल चिपहून २५ टक्के कमी दर ठेवण्याचे जाहीर केले. उत्तरादाखल इंटेलने एप्रिल १९९८ मध्ये सेलेरॉन हे स्वस्त नाममुद्रेचे उत्पादन काढले. पहिल्या सेलेरॉनमध्ये दुय्यम कॅश (प्रक्रियकाजवळची जलद स्मृती) नव्हती आणि त्यावर बरीच टीका झाली. त्याच वर्षी १२८ किलोबाइट कॅश असलेली आवृत्ती आली.

चकतीचा हिशेब : गुंतवणूकदारांच्या वादाचा गाभा एका चांगल्या चिपचा खर्च किती, या प्रश्नात आहे. कारखाना, यंत्रे व संशोधन यांवरचा पैसा आधीच गुंतलेला असतो. एक जादा चिप काढण्याचा खर्च त्यामानाने अल्प. म्हणून मागणी मंदावली की कारखाना रिकामा ठेवण्यापेक्षा दर उतरवणे परवडते, आणि युद्ध लांबते. चिप एकेक न बनवता सिलिकॉनच्या चकतीवर एकदम अनेक बनवतात, आणि त्या चकतीवर प्रक्रिया करण्याचा खर्च तिच्यावर किती चिप बसतात यावर फारसा अवलंबून नसतो. त्यामुळे चिपचे क्षेत्रफळ निर्णायक ठरते.

२००१ मध्ये इंटेलने पेंटियम ४ चे दर उतरवले, तेव्हाच्या वादात हे स्पष्ट दिसते. इंटेलच्या पहिल्या पेंटियम ४ चे क्षेत्रफळ २१७ चौ. मिमी. होते, एएमडीच्या तत्कालीन ॲथलॉनचे सुमारे १२०. कडेची नासाडी व दोष वजा न करता २०० मिमी. व्यासाच्या चकतीवर पहिल्याच्या सुमारे १४५, तर दुसऱ्याच्या सुमारे २६० चिप मावतात. यावरून एएमडीचे समर्थक म्हणत, की ही दरकपात इंटेललाच महाग पडेल. विरोधकांचे बोट पुढच्या पायरीकडे होते. चिपवरील घटक अधिक बारीक करणाऱ्या १३० नॅनोमीटर प्रक्रियेने पेंटियम ४ जानेवारी २००२ मध्ये १४६ चौ. मिमी.वर आला, आणि ३०० मिमी.च्या चकतीवर तसे ४८० च्या आसपास मावतात. शिवाय ॲथलॉनचा दर आधीच कमी असल्याने एएमडीला खाली सरकायला जागा थोडी होती. घडले ते विरोधकांच्या म्हणण्याच्या जवळ जाणारे. इंटेलचा निव्वळ नफा २००० मधील १०.५ अब्ज डॉलरवरून २००१ मध्ये १.३ अब्जांवर घसरला, पण कंपनी नफ्यात राहिली. एएमडीला २००२ मध्ये १.३ अब्ज डॉलर तोटा झाला. यातला किती भाग दरकपातीचा व किती त्या काळच्या मंदीचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. केवळ दरकपातीला दोष देणारी मते जपूनच घ्यावीत.

बाजारहिस्सा की नफा : जुलै २००६ मध्ये इंटेलने कोअर २ ड्युओ आणला आणि जुन्या चिपचे दर पाडले, एएमडीनेही आपल्या दुहेरी गाभ्याच्या (एकाच चिपमध्ये दोन प्रक्रियक असलेल्या) चिपचे दर निम्म्यापर्यंत उतरवले. इंटेलचे ढोबळ नफ्याचे प्रमाण २००५ मधील सुमारे ५९ टक्क्यांवरून २००६ मध्ये ५१-५२ टक्क्यांवर आले. हिस्सा एकदा हातचा गेला की परत मिळत नाही, तेव्हा आज नफा सोडावा, असे एक मत होते; स्वस्ताईने आलेला ग्राहक स्वस्ताईनेच जातो, असे दुसरे. पुढील घटना दुसऱ्या मताला अधिक पुष्टी देतात. एएमडीचा २००७ मधील तोटा सुमारे ३.४ अब्ज डॉलर होता (एटीआय या विकत घेतलेल्या कंपनीच्या मूल्यातील निर्लेखनाचा, म्हणजे ते मूल्य हिशेबात कमी दाखवण्याचा, त्यात मोठा वाटा) आणि २००९ मध्ये तिने आपले कारखाने ग्लोबलफाउंड्रीज या नव्या कंपनीकडे सोपवले. एएमडी सावरली ती २०१७ च्या रायझन चिपपासून, म्हणजे सरस आराखड्याच्या बळावर. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंटेलने १८ गाभ्यांच्या नव्या चिपचा दर ९७९ डॉलर ठेवला. आधीच्या पिढीतील तशाच चिपचा १,९७९ होता.

सवलती : इंटेलच्या दरपत्रकातील आकडे १,००० नगांच्या खरेदीचे असतात, मोठ्या संगणकनिर्मात्यांना पडणारा खरा दर त्यांवरून कळत नाही. प्रतिस्पर्ध्याकडून माल न घेण्याच्या वा कमी घेण्याच्या अटीवर दिलेल्या सवलतींबद्दल युरोपीय आयोगाने मे २००९ मध्ये इंटेलला १.०६ अब्ज युरो दंड केला. त्याच वर्षी इंटेलने एएमडीला १.२५ अब्ज डॉलर देऊन दावे मिटवले. तो दंड २०२२ मध्ये रद्द झाला आणि २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

स्मृतिचिप : येथे माल जवळजवळ एकसारखा असल्याने युद्ध अधिक तीव्र होते. जपानी कंपन्यांच्या दरांपुढे इंटेलने १९८५ मध्ये डीरॅमचा (संगणकाच्या कामचलाऊ स्मृतीच्या चिपचा) धंदा सोडला. जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये, तर जपानची एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. एल्पिडा मायक्रॉनने घेतल्यावर या बाजाराचा फार मोठा भाग सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तिघांकडे राहिला.