दोन शब्दांमधली स्पेस: विकी दुव्यांमागची पार्श्वभूमी

विकीवर, म्हणजे वाचकांनाच पानं लिहिता-बदलता येणाऱ्या संकेतस्थळावर, साचे (अनेक पानांवर वापरायचा तयार मजकूर) बनवणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. 'पुणे' या पानावर नीट चालणारा साचा 'बाळ गंगाधर टिळक' या पानावर लावला की त्यातला बाह्य दुवा मोडतो. पत्ता 'बाळ'पाशीच संपतो आणि 'गंगाधर टिळक' एवढा भाग दुव्याचा मजकूर होऊन पडद्यावर उमटतो.

याचं मूळ विकीच्याही आधीचं आहे. ब्राउझर सर्व्हरकडे पान मागतो तेव्हा एका ओळीत तीन गोष्टी पाठवतो: काय करायचंय, कुठलं पान हवंय आणि प्रोटोकॉलची (दोघांच्या बोलण्याच्या ठरलेल्या नियमांची) आवृत्ती. या तिघांना वेगळं करते ती स्पेसच. मग पत्त्यातच स्पेस आली, तर तो कुठे संपला हे सर्व्हरने ओळखायचं कसं? म्हणून १९९४च्या यूआरएल (वेबपत्ता) मानकाने स्पेस असुरक्षित ठरवली. तिच्या जागी '%२०' आलं, कारण आस्कीत, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकी यादीत, स्पेसचा क्रमांक ३२ आणि सोळाच्या पायात ३२ म्हणजे २०. फॉर्ममधून जाणाऱ्या माहितीत मात्र तिच्यासाठी '+' रूढ झालं. आजचा बराचसा गोंधळ या दोन रीतींमुळेच होतो.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी सुरू केली, तेव्हा त्यांनी स्पेसच टाळली. शब्द एकमेकांना जोडायचे, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं, की झाला दुवा. १५ जानेवारी २००१ला विकिपीडिया सुरू झाला तोही याच पद्धतीवर. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणजे ही रीत टिकली असती तर मराठीत दुवा देता आलाच नसता! त्याच वर्षी दुहेरी चौकटी कंस आले आणि शीर्षक स्पेससह, जसं बोलतो तसं लिहिता येऊ लागलं. १ मे २००३ला मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा हा रस्ता तयार होता. विकीच्या इतिहासातला हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पडद्यामागे मीडियाविकीने, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरने, तोडगा काढला तो अंडरस्कोरचा. शीर्षक साठवताना प्रत्येक स्पेस '_' होते, लागोपाठ आलेल्या अनेक स्पेसची एकच होते आणि टोकांच्या गळून जातात. वाचकाला मात्र स्पेसच दिसते. आतल्या दुव्यांत हे सगळं आपोआप होतं.

पॅरामीटर (साचा वापरताना त्याला द्यायची माहिती) घेणारे साचे २००४ मध्ये, मीडियाविकीच्या १.३ या आवृत्तीत आले आणि पानाचं नाव बाह्य पत्त्यात घालायची गरज वाढली. त्यासाठी पानाचं नाव देणाऱ्या 'पेजनेम' या आज्ञेचं शेवटी जादा 'ई' असलेलं रूप आहे, पानाचा पूर्ण पत्ता देणारं 'फुलयूआरएल' आहे. दोन्ही अंडरस्कोर घालतात. मजकूर पत्त्यात चालेल असा करणारं 'यूआरएलएनकोड' नुसतं वापरलं तर स्पेसच्या जागी '+' येतं. ते शोधाच्या पत्त्यात चालतं, पण पानाच्या पत्त्यात विकी ते खरंखुरं अधिकचिन्ह समजते आणि भलतंच शीर्षक शोधत बसते. तिथे 'विकी' हा पर्याय जोडावा लागतो.

आणखी एक खाच आहे. नाव दिलेल्या पॅरामीटरच्या मागच्या-पुढच्या स्पेस मीडियाविकी छाटते, बिननावाच्या तशाच ठेवते. म्हणून ज्या साच्यात पत्ता बनतो, तिथे मी पानाचं शीर्षक कायम नाव दिलेल्या पॅरामीटरमधूनच घेते.