ठिपका दिसला, पण कोणाचा?

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक-१ कक्षेत गेला आणि जगभर लोक तिन्हीसांजेला माना वर करून 'तो बघा स्पुटनिक' म्हणू लागले. त्यांतल्या बहुतेकांनी स्पुटनिक पाहिलाच नव्हता. ५८ सेंटिमीटरचा तो गोळा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसे. ठळक दिसत होता तो त्याला वर नेणाऱ्या रॉकेटचा टप्पा. ओळखीतली गफलत अशी पहिल्याच उपग्रहापासूनची.

तेव्हा सगळा भर जागा टिपण्यावर होता. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांच्या 'मूनवॉच' मोहिमेतले हौशी निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून वेळा नोंदवत, तर बेकर-नन कॅमेरे (त्यांतला एक नैनितालला होता) ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर फोटो घेत. त्यावरून कक्षा काढायची आणि यादीशी ताडून पाहायची. वस्तू मोजक्या होत्या तोवर हे पुरलं.

भूस्थिर कक्षेत, म्हणजे जिथला उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी थांबलेला दिसतो तिथे, ते पुरेना. तिथे सुमारे ३६,००० किलोमीटरवर कधीकधी एकाच जागेत अनेक उपग्रह दाटीनं असतात, इंजिन चालवून अधूनमधून सरकतात आणि दुर्बिणीतून सगळे सारखेच ठिपके. मग ठिपक्याचा प्रकाशच तपासायला घेतला. तेजाच्या आलेखावरून वस्तू स्थिर आहे की कोलांट्या खातेय ते कळतं. वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून पाहिल्यावर, तिच्या पृष्ठभागाचा अंदाज येतो. २००२ साली सापडलेला 'जे००२ई३' लघुग्रह नव्हे, तर बहुधा अपोलो-१२च्या रॉकेटचा तिसरा टप्पा, हे ठरवताना वर्णपटातली टायटॅनियम ऑक्साइडच्या पांढऱ्या रंगाची खूण मोलाची ठरली. अर्थात एकटा रंगही फसवतो: अवकाशात वर्षानुवर्षं राहून पृष्ठभाग बदलतो. म्हणून कक्षा, तेज आणि रंग एकत्र.

याचा धडा २०२२मध्ये मिळाला. चंद्रावर आदळणार असलेला एक रॉकेट-टप्पा आधी अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ रॉकेटचा मानला गेला. कक्षेचा पुन्हा हिशेब केल्यावर तो २०१४च्या चांग'ई-५ टी१ या चांद्रमोहिमेतला चिनी टप्पा असावा असं दिसलं, आणि अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या वर्णपट-निरीक्षणांनीही तिकडेच बोट दाखवलं. चीननं हे नाकारलं. ४ मार्चला तो चंद्राच्या पलीकडच्या बाजूला आदळला. नंतरच्या छायाचित्रांत तिथे एकाऐवजी एकमेकांना जोडलेली दोन विवरं निघाली. तेजाच्या आलेखावरूनही अभ्यासकांना वाटलं, की ज्या लयीत तो गोल फिरत होता त्यासाठी इंजिनाच्या विरुद्ध टोकालाही काहीतरी जड असायला हवं. ते काय होतं, हे अजून उघड झालेलं नाही.