मालपाठवणीचे शाश्वत आवेष्टन

विकलेला माल गोदामातून ग्राहकाच्या दारापर्यंत सुखरूप पोहोचावा यासाठी वापरलेले खोके, पाकिटे, कुरिअर पिशव्या, भरणसाहित्य, टेप व स्ट्रेच फिल्म यांना एकत्रितपणे मालपाठवणीचे आवेष्टन म्हणतात. त्यासाठी कमीत कमी सामग्री लागत असेल, ती पुन्हा वापरता येत असेल किंवा वापरानंतर तिचे प्रत्यक्षात पुनर्चक्रण होत असेल, तर असे आवेष्टन शाश्वत मानले जाते. यातील ‘प्रत्यक्षात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेत पुनर्चक्रित होणारी पण गावातील भंगारवाला घेत नाही अशी सामग्री व्यवहारात कचराच ठरते.

वर्गीकरण : युरोपीय समुदायाच्या १९९४ च्या आवेष्टन निर्देशाने (९४/६२) विक्रीचे, समूहाचे आणि वाहतुकीचे असे तीन थर मानले. ग्राहक दुकानातून घरी नेतो ते विक्रीचे. अनेक नग एकत्र बांधणारे समूहाचे. गाडीत चढवण्यासाठी लागणारे वाहतुकीचे. दुकानदारीच्या काळात तिसरा थर दुकानाच्या मागच्या दारीच थांबत असे आणि त्याची रद्दी ठोक भावाने कागदगिरणीकडे जाई. ऑनलाइन विक्रीत तो थेट घरात येऊ लागला आणि वर्गीकरण अडखळले. जर्मनीच्या २०१९ पासून लागू असलेल्या आवेष्टन कायद्याने ग्राहकाला पाठवलेला खोका विक्रीच्या आवेष्टनात धरला; युरोपीय संघाच्या २०२५ च्या विनियमाने तोच खोका वाहतुकीच्या आवेष्टनात घातला. हा भेद केवळ शाब्दिक नाही, कारण पुनर्वापराचे लक्ष्य कोणते लागू होईल ते त्यावरून ठरते. भारतीय नियमांत हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे वर्गवारी कामावरून होत नाही, प्लॅस्टिकच्या प्रकारावरून होते.

जबाबदारीच्या तत्त्वाचा उगम : ज्याने आवेष्टन बाजारात आणले त्यानेच त्याच्या विल्हेवाटीचा खर्च उचलावा, या तत्त्वाचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. बहुतेक लेखक स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे टोमास लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये स्वीडिश पर्यावरण मंत्रालयासाठी केलेल्या मांडणीला हे श्रेय देतात. ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ ही संज्ञा तेथूनच रूढ झाली. काही अभ्यासक त्यामागे जाऊन अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या १९७१ च्या बाटली-अनामत कायद्यात तिचे मूळ पाहतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९७२ मध्ये स्वीकारलेल्या ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ या तत्त्वातून ती निघाली, असेही एक मत आहे. मात्र ऑरेगनच्या कायद्याने बाटली परत आणण्याची प्रेरणा ग्राहकाला दिली. वस्तूच्या रचनेचा भार उत्पादकावर टाकला नाही. १९७२ चे तत्त्व मुख्यतः उत्पादनस्थळाच्या प्रदूषणाविषयी होते, विकून हातावेगळ्या झालेल्या वस्तूविषयी नव्हते. त्यामुळे संकल्पनेपुरते १९९० हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

कायद्याचा प्रश्न वेगळा आहे. पर्यावरणमंत्री क्लाउस ट्योप्फर यांच्या कारकिर्दीत १२ जून १९९१ रोजी निघालेला जर्मन आवेष्टन अध्यादेश हा या तत्त्वाचा पहिला व्यापक अंमल मानला जातो. त्याचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. वाहतुकीचे आवेष्टन परत घेण्याची सक्ती प्रथम, म्हणजे डिसेंबर १९९१ पासून लागू झाली. बाह्य आवेष्टनाची, म्हणजे विक्रीच्या आवेष्टनावर चढवलेल्या जादा वेष्टनाची, एप्रिल १९९२ पासून आणि विक्रीच्या आवेष्टनाची जानेवारी १९९३ पासून. नंतरच्या तीन दशकांत सार्वजनिक चर्चा पिशव्या आणि बाटल्यांभोवती फिरत राहिल्याने, खोका आणि लाकडी फळी यांच्यापासून ही सक्ती सुरू झाली होती हे विस्मरणात गेले. विक्रीच्या आवेष्टनासाठी उत्पादकांनी एकत्र येऊन गोळा करण्याची समांतर यंत्रणा उभारली. तिचे ‘हिरवा ठिपका’ हे चिन्ह आजही अनेक वेष्टनांवर दिसते. उत्पादकाने शुल्क भरले आहे एवढाच त्याचा अर्थ. वस्तू पुनर्चक्रणयोग्य असल्याची ती ग्वाही नाही, तरी ग्राहक आणि कधीकधी छापखानेही तसे समजतात. शुल्क सामग्री व वजन यांवर आकारले जाई, त्यामुळे आवेष्टनाचा प्रत्येक ग्रॅम उत्पादकाच्या हिशेबात आला. पुढील बहुतेक कायद्यांनी हाच हिशेब उचलला.

सांप्रतचे नियम : युरोपीय संघाचा विनियम २०२५/४० हा ११ फेब्रुवारी २०२५ रोजी अस्तित्वात आला असून त्याचा सर्वसाधारण अंमल १२ ऑगस्ट २०२६ पासून आहे. सदस्य देशांनी दरडोई आवेष्टन-कचरा २०१८ च्या तुलनेत २०३० पर्यंत ५ टक्के, २०३५ पर्यंत १० टक्के आणि २०४० पर्यंत १५ टक्के घटवायचा आहे. पाठवणीच्या दृष्टीने सर्वांत परिणामकारक तरतूद रिकाम्या जागेची आहे. समूह, वाहतूक आणि ऑनलाइन विक्रीच्या आवेष्टनात रिकाम्या जागेचे प्रमाण २०३० पासून ५० टक्क्यांहून अधिक असता कामा नये, आणि कागदाचे कपटे, हवेच्या उशा, बबल रॅप, थर्माकोलचे दाणे यांनी भरलेली जागाही रिकामीच धरली जाईल. भरणसाहित्य प्लॅस्टिकऐवजी कागदाचे केल्याने या कसोटीवर काहीच फरक पडत नाही. दक्षिण कोरियाने एप्रिल २०२४ पासून पार्सलसाठी ५० टक्के रिकाम्या जागेची मर्यादा आणि एकाच वेष्टनाची अट घातली, परंतु सुरुवातीला कारवाईऐवजी मार्गदर्शनाचा काळ ठेवला. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२२ पासून ३० टक्क्यांहून कमी पुनर्चक्रित अंश असलेल्या प्लॅस्टिक आवेष्टनावर कर आहे. आरंभीचा दर टनाला २०० पौंड होता. कॅलिफोर्नियाच्या २०२२ च्या कायद्याने एकवापर आवेष्टन पुनर्चक्रणयोग्य किंवा कंपोस्टयोग्य करण्यासाठी २०३२ हे लक्ष्यवर्ष ठरवले आहे.

भारतात उत्पादकाच्या जबाबदारीचा उल्लेख २०११ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांत आला, २०१६ च्या नियमांनी ब्रँडमालकाला स्पष्टपणे त्यात ओढले, आणि १६ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने तिला आकडे दिले. त्यानुसार कठीण प्लॅस्टिक पहिल्या वर्गात, लवचीक प्लॅस्टिक दुसऱ्यात, प्लॅस्टिक व अन्य सामग्री यांचे बहुस्तरीय आवेष्टन तिसऱ्यात आणि कंपोस्टयोग्य प्लॅस्टिक चौथ्यात मोडते. नेहमीची कुरिअर पिशवी दुसऱ्या वर्गातील आहे. या वर्गासाठी पुनर्चक्रणाचे किमान प्रमाण २०२४–२५ मध्ये ३० टक्के असून ते दरवर्षी १० टक्क्यांनी चढत २०२७–२८ मध्ये ६० टक्क्यांवर जाते. पुनर्चक्रित प्लॅस्टिकचा अंश २०२५–२६ पासून १० टक्के व २०२७–२८ पासून २० टक्के अपेक्षित आहे. सूक्ष्म व लघू उद्योग वगळता ब्रँडमालक, ऑनलाइन विक्रीमंच आणि किरकोळ विक्रीच्या साखळ्या या सर्वांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. लक्ष्यपूर्ती पुनर्चक्रकांकडून घेतलेल्या प्रमाणपत्रांनी दाखवता येते. मंडळाच्या तपासणीत काही पुनर्चक्रकांनी बनावट प्रमाणपत्रे काढल्याचे उघड झाले आहे, त्यामुळे केवळ प्रमाणपत्रांवर विसंबणे ब्रँडला जोखमीचे आहे. कागद, काच व धातू यांच्या आवेष्टनालाही ही जबाबदारी लावणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. प्लॅस्टिक सोडून कागदाकडे वळलेल्या कंपन्यांनी याची विशेष दखल घ्यायला हवी.

महाराष्ट्राची वाट थोडी आधीची आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात तुंबलेल्या गटारांचा दोष पिशव्यांवर आला आणि २००६ मध्ये अविघटनशील कचरा नियंत्रणाचा राज्य कायदा झाला. त्याच्याच आधारे २३ मार्च २०१८ ची प्लॅस्टिक व थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये व तीन महिने कैद, असा दंडक्रम तीत होता. याच्या उलट दिशेचा एक केंद्रीय कायदाही आहे : १९८७ च्या ताग आवेष्टन अधिनियमानुसार धान्य व साखर यांचा ठरावीक हिस्सा तागाच्या पोत्यांतच भरावा लागतो. त्याचा हेतू तागाचे शेतकरी व गिरणी कामगार यांचे रक्षण हा होता. पर्यावरणाचे समर्थन मागाहून जोडले गेले.

पन्हळी खोका : शाश्वत पाठवणीचा कणा आजही पन्हळी पुठ्ठ्याचा खोका हाच आहे. पन्हळी कागदाचे पहिले पेटंट १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये उंच टोप्यांच्या अस्तरासाठी निघाले असे सांगतात; काचेच्या वस्तू गुंडाळण्यासाठी त्याचा उपयोग अमेरिकेतील अल्बर्ट जोन्स यांच्या १८७१ च्या पेटंटात आढळतो. भारतीय बाजारात खोका तीन, पाच किंवा सात प्लायचा (थरांचा), इतक्या जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅम कागदाचा) आणि इतक्या बीएफचा, अशा भाषेत मागवला जातो. यातील बीएफ, म्हणजे कागद फुटण्यास लागणाऱ्या दाबाचा गुणांक, खोक्याच्या खऱ्या कामाविषयी थोडेच सांगतो. थप्पीत सर्वांत खालचा खोका फुटत नाही, तो चेपतो. त्याची चेपण्याविरुद्धची ताकद पुठ्ठ्याच्या उभ्या कडेच्या दाबबळावर, जाडीवर आणि खोक्याच्या परिमितीवर अवलंबून असते; हा संबंध मॅकी व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सूत्रात बांधला. तरीही अमेरिकी रेल्वे व ट्रक वाहतुकीचे नियम पुढे जवळजवळ तीन दशके फुटण्याचा दाब व कागदाचे किमान वजन हेच मागत राहिले. १९९१ च्या सुमारास कडेच्या दाबाची कसोटी पर्यायी म्हणून मान्य झाली आणि कागदाच्या वजनाची अट नसल्याने त्याच कामासाठी हलका खोका चालू लागला. चुकीच्या कसोटीमुळे किती कागद वाया जातो याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. भारतात अनेक खरेदी विभाग अजून बीएफवरच अडून आहेत, हे खेदाने नोंदवावे लागते.

आपल्या हवामानात आणखी एक घटक येतो. कागद ओल शोषतो, आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रतेत खोक्याची ताकद कोरड्या स्थितीच्या साधारण निम्म्यावर उतरते. म्हणून कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात चालणारा खोका मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी गरजेपेक्षा जड असतो. वर्षभर एकच खोका ठेवण्याऐवजी पावसाळ्यापुरता वेगळा खोका ठेवणे सामग्रीच्या दृष्टीने योग्य ठरते.

कागदाचा धागा किती वेळा पुनर्चक्रित होतो याविषयी एकमत नाही. पाच ते सात वेळा, हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील तांत्रिक विद्यापीठात अलीकडे झालेल्या प्रयोगांत पंचवीसहून अधिक फेऱ्यांनंतरही पुठ्ठ्याचे गुण फारसे घटले नाहीत. हे काम पुठ्ठा उद्योगाच्या संघटनेसाठी झाले होते आणि परिस्थिती प्रयोगशाळेची होती, हे ध्यानात घेतले तरी जुना आकडा फार सावध असावा असे दिसते. खोक्यांसाठी लागणारा भारतीय क्राफ्ट कागद बहुतांशी रद्दीपासूनच बनतो आणि गिरण्या आयात रद्दीही मिसळतात, त्यामुळे येथे धागा आधीच किती फेऱ्या करून आलेला आहे हे सहसा सांगता येत नाही.

अवलंब : ब्रँडने आकार आधी आणि सामग्री नंतर हा क्रम पाळावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वर दिलेले बहुतेक नियम वजन किंवा रिकामी जागा मोजतात, आणि कुरिअर कंपन्याही तेच करतात. लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार भागिले ५,००० हे घनफळी वजनाचे प्रचलित सूत्र आहे. त्यानुसार ३०×२०×१५ सेंटिमीटरचा खोका १.८ किलोचा, तर २५×१८×१० चा ०.९ किलोचा धरला जातो. आत वस्तू अर्ध्या किलोचीच का असेना. म्हणून पहिले काम म्हणजे वर्षभराच्या मागण्यांची मापे काढून खोक्यांचे आकार पुन्हा ठरवणे. कपडे, पुस्तके, मसाल्याची पाकिटे यांना अनेकदा खोका लागतच नाही, कागदी पाकीट पुरते. उत्पादनाचा मूळ खोकाच पत्ता चिकटवून पाठवता आला तर एक थर पूर्ण वाचतो.

सामग्री बदलताना बाहेरून कागद व आतून बबल असलेले पाकीट टाळावे. ते कागदी दिसते, पण भारतीय नियमांत तिसऱ्या वर्गात मोडते आणि गिरणी व प्लॅस्टिक पुनर्चक्रक दोघेही ते नाकारतात. कंपोस्टयोग्य पिशवीसाठी आयएस १७०८८ हे भारतीय मानक व केंद्रीय मंडळाचे प्रमाणपत्र लागते. अशी पिशवी साधारण ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या औद्योगिक कंपोस्ट केंद्रात विघटित होते, परसातल्या खड्ड्यात तशी हमी नसते. शिवाय ती साध्या पॉलिथिनच्या भंगारात मिसळली तर तो माल बिघडवते. जेथे असे केंद्र नाही तेथे एकाच प्रकारच्या पॉलिथिनची, पुनर्चक्रित अंशाची साधी पिशवी अधिक प्रामाणिक पर्याय आहे. टेप कागदी असावा. प्रत्येक आवेष्टनाचे वजन, सामग्री व पुरवठादार यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी, कारण वार्षिक विवरणात हेच विचारले जाते. ॲमेझॉनच्या भारतातील शाखेने जून २०२० मध्ये आणि फ्लिपकार्टने २०२१ मध्ये आपापल्या गोदामांतील एकवापर प्लॅस्टिक काढल्याचे जाहीर केले. या गोदामांत न आणता परस्पर माल पाठवणाऱ्या विक्रेत्यांचे आवेष्टन हा मात्र निराळा विषय राहिला.

निर्यात : परदेशी पाठवणीत पर्यावरणाचे नियम आणि कीडनियंत्रणाचे नियम एकमेकांना छेदतात. लाकडी पॅलेट (माल रचण्याच्या फळ्या) व पेट्यांना आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे उष्णताप्रक्रिया किंवा अन्य मान्य प्रक्रिया व तसा शिक्का लागतो. कोकणातील हापूस पूर्वी भाताच्या पेंढ्यात, लाकडी पेटीत जात असे. पेंढा शेतातला आणि पेटी स्थानिक लाकडाची असली तरी या पेट्यांसाठी झाडे तुटत, आणि पन्हळी खोक्याने तो भार हलका केला. अमेरिकेला २००७ पासून जाणाऱ्या आंब्यावर लासलगाव व वाशी येथील केंद्रांत कीडनियंत्रणासाठी किमान ४०० ग्रे (विकिरणमात्रेचे एकक) इतके विकिरण होते, तेही खोक्यात भरल्यानंतर. त्यामुळे खोका कीटकरोधक असावा लागतो आणि हवेच्या भोकांना बारीक जाळी लावावी लागते. जाळी प्लॅस्टिकची असल्यास ती सहज निघेल अशी बसवल्याने खोका रद्दीयोग्य राहतो.

पुनर्वापर : युरोपीय विनियमात वाहतुकीच्या अनेक आवेष्टनांसाठी २०३० पर्यंत ४० टक्के पुनर्वापराचे लक्ष्य आहे, पुठ्ठ्याचे खोके मात्र त्यातून वगळले आहेत. भारतात ही पद्धत कंपनीअंतर्गत वाहतुकीत, दुधाच्या व भाजीच्या क्रेटमध्ये रुळलेली आहे. घरपोच पाठवणीत ती तुरळक आढळते, कारण रिकामी पिशवी परत आणण्याचा फेरा सहसा नव्या पिशवीपेक्षा महाग पडतो. माल परत येण्याचे प्रमाण मोठे असलेल्या कपड्यांच्या विक्रीत कुरिअरचा माणूस तसाही परत येतो. तेथे दुसरी चिकटपट्टी असलेली, दोन फेऱ्यांची पिशवी वापरात आली आहे.