एस्केप रॅम्प

घाट उतरताना ब्रेक निकामी झालेला ट्रक मुख्य रस्त्यावरून बाजूला घेऊन थांबवता यावा, म्हणून बांधलेली सुट्या खडीची वाट म्हणजे एस्केप रॅम्प. गोव्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे, कारण बेळगावकडून भरून येणारा ट्रक अनमोड किंवा चोर्ला घाटात उताराला लागतो. दक्षिणेत राष्ट्रीय महामार्ग 66 वर करमल घाट आहे.

25 टनांचा ट्रक 100 मीटर उंची उतरतो तेव्हा सुमारे 7 युनिट विजेइतकी ऊर्जा जिरवावी लागते. इंजिनाचा रोध नसेल तर जवळजवळ सगळी ब्रेकमध्येच उष्णता होऊन साठते. चाकातला ब्रेकचा ड्रम तापून प्रसरण पावतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरची पकड सुटते, जळका वास येतो आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी आवरत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणूनच जिवावर बेतते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम जुन्या गाड्यांसाठी रास्त आहे; आजच्या ट्रकला उतरताना त्याहून खालचा गिअरही लागू शकतो.

रॅम्पचे खरे काम चढ नव्हे, खडी करते. नुसत्या चढावर ट्रक थांबतो खरा, पण उलटा घरंगळतो. खडी गोल आणि एकाच आकाराची लागते. फोडलेली, कोनदार खडी एकमेकींत अडकून घट्ट बसते आणि चाक वरूनच निघून जाते. गोल गोटे सरकतात, चाक रुतते. थर सुमारे 1 मीटर खोल असतो, पण तोंडाशी काही सेंटीमीटरच, म्हणजे एकदम हिसका बसत नाही. अशा सपाट थरात ताशी 100 किलोमीटर वेगाचा ट्रक साधारण 160 मीटरमध्ये थांबतो. 10 टक्के चढ दिला तर 115 मीटर पुरतात. वेग दुप्पट झाला की लांबी चौपट लागते.

गोव्यात कस लागतो तो पावसाळ्यात. डोंगराची तांबडी माती वाहून गोट्यांच्या फटीत बसली की थर कडक होतो. वाळू तर भिजून आणखी लवकर दबते. तेव्हा वरच्या अंगाला गटार, तळाशी निचरा आणि पावसाळ्यानंतर थर उकरून, चाळून पुन्हा सुटा करणे आवश्यक ठरते. देखभाल नसलेला रॅम्प नसलेल्या रॅम्पपेक्षा वाईट, कारण चालक त्याच्या भरवशावर वळतो.

रॅम्प डाव्या हाताला आणि अवघड वळणाच्या आधी हवा. पुढची दोन्ही चाके एकाच वेळी खडीत शिरली पाहिजेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढली जाऊन उलटते. अनमोडमध्ये रस्त्यालगत मोलेचे संरक्षित जंगल असल्याने लांब जागा मिळवणे कठीण आहे. अशा ठिकाणी आडव्या जाळ्यांनी ट्रक अडवण्याचा पर्याय तपासण्याजोगा आहे.

रुतलेला ट्रक काढायला थराशेजारून पक्का रस्ता आणि ओढणाऱ्या वाहनाला बांधून घ्यायला काँक्रीटचे मजबूत खुंट लागतात. ट्रक निघाला की चाकोऱ्या लगेच बुजवून खडी सारखी करावी लागते. तोवर रॅम्प दुसऱ्या गाडीच्या उपयोगाचा नसतो.