पुस्तक वाचतो, पण दारात अडखळतो

तिसरीतला मुलगा. बालभारतीचं पुस्तक नेहमीच्या अंतरावर धरून घडाघडा वाचतो. पण दिवस मावळला की अंगणातल्या बाजेला धडकतो, पायाशी आलेला चेंडू त्याला सापडत नाही, ताटाशेजारचा तांब्या लवंडतो. घरचे म्हणतात, धांदरट आहे. गुरुजी म्हणतात, वाचताना दिसतं आणि खेळतानाच कसं दिसत नाही? अशा पोराला आपल्याकडे सहज मार बसतो. तो मात्र अगदी खरं सांगत असतो.

डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या कडेला, अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी असतात. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारात आधी त्या मरतात. मधला भाग बरीच वर्षं शाबूत राहतो, त्यामुळे अक्षरं दिसतात. आजूबाजूचं जग मात्र नळीतून बघितल्यासारखं उरतं. मराठवाड्यात मामे-आते नात्यात लग्नं होतात, आणि अशा लग्नांत काही आनुवंशिक नेत्रविकारांचा धोका वाढतो. हे सोयरिकीच्या बैठकीतच बोललं गेलं पाहिजे, असं मला वाटतं. रातांधळेपणा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही येतो, तो वेळेत उपचाराने बरा होतो. म्हणून कारण डॉक्टरांनीच ठरवायचं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वं मानली आहेत. त्यात दृष्टी दोन मापांनी मोजतात. एक तीक्ष्णता: चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी, म्हणजे इतरांना १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरूनही दिसत नाही, तर अल्पदृष्टी, ३/६० पेक्षा कमी असेल तर अंधत्व. दुसरं माप दृष्टिक्षेत्राचं. दोन्ही डोळ्यांनी मिळून आपल्याला साधारण १८० अंशांचा पट्टा दिसतो. तो १० अंशांपेक्षा कमी उरला, तर तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणारं मूलही कायद्याने अंध ठरतं.

याच्या उलटही असतं. दृष्टिपटलाचा मधला भाग बिघडलेली मुलगी रस्त्याने बिनधास्त चालते, पण फळा वाचता येत नाही. ती मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने बघते. ‘सरळ बघ’ म्हणून तिची हनुवटी धरणारे शिक्षक तिची उरलीसुरली नजरही काढून घेतात. रंगद्रव्य नसलेल्या गोऱ्या-पिंगट मुलांची तऱ्हा आणखी वेगळी. आपल्या उन्हात त्यांचे डोळे दिपतात. त्यांना दाराकडे पाठ करून, फळ्याजवळ बसवलं, डोक्यावर टोपी ठेवू दिली, तर त्याच वर्गात बरंच जास्त दिसू लागतं. घरातही तसंच: पांढऱ्या ताटातला दहीभात चाचपावा लागतो, गडद रंगाच्या ताटात तोच दिसतो.

विशेष शिक्षण सुरू होतं ते इथे. मुलाला किती टक्के दिसतं यापेक्षा कुठे, कोणत्या उजेडात, किती अंतरावरून दिसतं, हे शिक्षक आधी शोधतो. ठळक अक्षर, भिंग की ब्रेल, हे त्यानंतर.

ज्यांना काहीच दिसत नाही त्यांची अडचण वेगळी. डोळस मूल न शिकवता शिकतं; आईच्या कडेवरून त्याला ज्वारीचं रान, कणसं, खळं, पीठ, भाकरी सगळं दिसून जातं. अंध मुलाच्या हाती फक्त भाकरी येते. नजर आधी अख्खी वस्तू दाखवते, हात एकेक तुकडा देतो आणि अख्खं चित्र डोक्यात जुळवावं लागतं. ते जुळलं नाही, तर मूल ‘ज्वारीचा धांडा उंच असतो’ हे पाठ म्हणतं, पण उंच म्हणजे कितपत हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून त्याला रानात न्यायचं. धांडा बुडापासून चाचपू द्यायचा, मग वर हात करून कणसापर्यंत पोचू द्यायचं, गरज पडली तर खांद्यावर घेऊन. दाणे त्याच्याच हाताने काढायचे, कडब्याची पेंढी उचलू द्यायची, पीठ मळू द्यायचं.

लिहिण्या-वाचण्यासाठी ब्रेल. लुई ब्रेल यांनी १८२४ साली, पंधराव्या वर्षी ही लिपी बेतली. सहा उठावदार टिंबांच्या (डावीकडे वरून खाली १, २, ३; उजवीकडे ४, ५, ६) एका घरातून ६३ खुणा तयार होतात. भारतीय भाषांसाठी १९५१ पासून भारती ब्रेल आहे. त्यात ‘मका’ असा लिहितात: म म्हणजे १-३-४ ही टिंबं, क म्हणजे १-३, आणि काना म्हणून पूर्ण आ, ३-४-५. पहिली वेलांटीही इथे अक्षराआधी येत नाही, उच्चाराच्या क्रमानेच येते. ब्रेलच्या पाटीत कागद अडकवून टोचणीने उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं.

लहानपणापासून अंध असलेली माणसं ब्रेल वाचताना मेंदूचा मागचा, एरवी नजरेचं काम करणारा भाग जागा होतो, हे १९९६ साली मेंदूच्या चित्रणातून दिसलं. तो भाग रिकामा पडत नाही, बोटांच्या कामाला लागतो. मोबाइल सगळं वाचून दाखवतो मग ब्रेल कशाला, असं आता सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. नुसत्या ऐकण्याने ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, गणिताची मांडणी बोटाखाली येत नाही.

शाळेत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक, या तिन्ही ठिकाणी पालकांनी विचारावं. किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यानेच आहे. नळीतून बघणाऱ्या मुलांचं क्षेत्र मात्र पुढे आकसत जातं. म्हणून त्यांची तपासणी दर वर्षी हवी, आणि अक्षरं दिसत आहेत तोवरच ब्रेल आणि पांढऱ्या काठीची सवय सुरू करायला हवी.